सोलर रिसीव्हरमधे उष्णता कुठे अडते ते आधी शोधा, मग सुधारणा करा

नाशिकमधे सध्या सोलर थर्मलवर (उन्हापासून थेट उष्णता मिळवण्यावर) बऱ्यापैकी लोक हात आजमावतायत. फायनल इयरची मुलं पॅराबोलिक ट्रफ (ऊन एका रेषेवर गोळा करणारा पन्हाळीसारखा आरसा) बनवतात, वाइनरीवाले टाक्या धुवायला गरम पाणी मिळेल का विचारतात, निफाड-पिंपळगावकडे कांदा-टोमॅटो सुकवणारे छोटे युनिटवाले आहेत, आणि सातपूर-अंबडच्या एखाद्या शेडमधे थर्मिक फ्लुइडचा (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाचा) खर्च कमी करायचा म्हणून कोणीतरी गच्चीवर आरसे लावून बसलेलं असतं. सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच, रिसीव्हरची, म्हणजे ऊन जिथे गोळा होतं त्या नळीची, हीट ट्रान्सफर कशी वाढवायची, आणि प्रश्न विचारतानाच उत्तरही ठरलेलं असतं, की आत ट्विस्टेड टेप (पिळलेली धातूची पट्टी) टाकू का किंवा नॅनोफ्लुइड (अतिसूक्ष्म कण मिसळलेलं द्रव) भरू का.

माझं म्हणणं एवढंच आहे की नळीच्या आत हात घालायच्या आधी उष्णता नक्की कुठे अडतेय आणि कुठून पळतेय ते मोजा. पाटाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नसेल तर आपण आधी पाट कुठे फुटलाय आणि कुठे गाळ बसलाय ते बघत जातो, सगळा पाट उकरत नाही, तसंच हे आहे. सूर्य ते आरसा, आरसा ते काच, काच ते नळीचा काळा थर, तिथून धातू, धातूतून आतलं पाणी किंवा तेल, अशी ही साखळी आहे आणि यातल्या एका कडीवरच बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त काम बाकी असतं.

हा लेख छोट्या ट्रफवर आहे कारण तो आपल्याला हाताने बनवता येतो, पण हिशोबाची पद्धत मोठ्या पॉवर प्लांटलाही तीच आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

हिशोबासाठी एक ट्रफ धरू

रुंदी १.२ मीटर, लांबी ३ मीटर, म्हणजे ३.६ चौरस मीटर आरसा. फोकस ३० सेंटिमीटरवर. रिसीव्हर म्हणजे एक इंची स्टीलची नळी, बाहेरून २५.४ मिमी, आतून २१ मिमी. बाहेरून बोरोसिलिकेट काचेची ५० मिमीची नळी. थेट ऊन ८०० वॉट प्रति चौरस मीटर, आपल्याकडे हिवाळ्यातल्या स्वच्छ दुपारी एवढं सहज मिळतं.

आरशावर पडतात २८८० वॉट. आरसा ८५ टक्के परावर्तित करतो, त्यातलं ९० टक्के नळीवर बसतं, काच ९० टक्के आत सोडते, काळा रंग ९५ टक्के शोषतो. गुणाकार केला की साधारण १८८५ वॉट नळीत शिरतात. नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाने भागलं तर सरासरी ७.९ किलोवॉट प्रति चौरस मीटर, खालच्या बाजूला याच्या दुपटीच्या आसपास कारण आरशाचा उजेड खालूनच येतो. हे आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहेत.

पहिली पायरी: मोजायची सोय करा

मिळालेली उष्णता म्हणजे प्रवाह गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले आत-बाहेरच्या तापमानातला फरक. पाणी मिनिटाला ३ लिटर चालू असेल तर प्रत्येक डिग्री फरकामागे २०९ वॉट होतात. म्हणजे आपल्या ट्रफमधे पाणी जेमतेम आठ डिग्री तापणार आणि तुमचा सेन्सर एक डिग्रीने चुकला तर निकाल बारा-तेरा टक्क्यांनी चुकला! एवढ्या चुकीवर ट्विस्टेड टेपने दहा टक्के वाढ झाली असं लिहून मोकळे होणारे रिपोर्ट मी खूप बघितलेत आणि वाईट वाटतं, कारण पोरांनी मेहनत खरी घेतलेली असते.

तर दोन पीटी-१०० (तापमानाचे सेन्सर) घ्या, दोन्ही एकाच भांड्यात एकत्र बुडवा आणि बर्फाच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात वाचन घ्या. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहे त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, साधारण ९८ डिग्रीला उकळतं, तेव्हा सेन्सर ९८ दाखवत असेल तर तो बरोबर आहे, उगाच ॲडजस्ट करू नका. दोघांमधे जो फरक येईल तो लिहून ठेवा आणि दर वेळी आत-बाहेरच्या फरकातून वजा करा. प्रवाह बादली आणि स्टॉपवॉचने मोजला तरी चालतो, फक्त तो पूर्ण टेस्टभर स्थिर हवा. सेन्सर नळीच्या सरळ भागात नको, एल्बोनंतर लावा, तिथे प्रवाह घुसळलेला असतो.

तिसरा सेन्सर हवा नळीच्या भिंतीवर, के टाइप थर्मोकपल, वरच्या बाजूला घट्ट क्लॅम्प करून. ही वरची बाजू खालच्यापेक्षा थंड असते हे लक्षात असू द्या, म्हणजे खरी परिस्थिती वाचनापेक्षा वाईटच आहे असं समजायचं. इन्फ्रारेड गनने काचेतून नळी मोजायला जाऊ नका, त्या किरणांना काच आरपार दिसत नाही, गन काचेचंच तापमान सांगते. काच काढून मोजलंत तरी सिलेक्टिव्ह कोटिंगवर, म्हणजे ऊन शोषणाऱ्या खास थरावर, ती खूप कमी दाखवणार कारण त्या कोटिंगचं कामच मुळी कमी उत्सर्जन करणं हे आहे.

उन्हाचं मीटर आडवं ठेवून वाचलेला आकडा आकाशातून येणारा सगळा उजेड धरतो, ट्रफला मात्र फक्त थेट किरण उपयोगी. मग सोपी युक्ती, एकदा वाचन घ्या, मग काठीच्या टोकाला छोटी चकती लावून फक्त सूर्य झाकेल अशी धरा आणि पुन्हा वाचा, दोन्हीतला फरक काढा आणि सूर्याच्या उंचीच्या साइनने भागा. आला थेट उन्हाचा अंदाज.

घड्याळाचंही सांगतो. नाशिक ७३.८ रेखांशावर, आपली घड्याळं ८२.५ वर, त्यामुळे सूर्य डोक्याच्या रेषेत बाराला येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण १२:१९ ला आणि फेब्रुवारीत १२:४९ ला येतो. टेस्ट त्या वेळेच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरवा.

दुसरी पायरी: आरसा झाकून नुकसान मोजा

ही टेस्ट कोणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त यातूनच कळतं. आरशावर ताडपत्री टाका, हीटरने तापवलेलं तेल किंवा पाणी नळीतून फिरवा आणि आत-बाहेर किती डिग्री उतरलं ते बघा. ऊन नाही, म्हणजे जे उतरलं ते सगळं नुकसान. दोन-तीन वेगवेगळ्या तापमानांना करा, एकदा वारा पडलेला असताना सकाळी आणि एकदा दुपारी वारा सुटल्यावर.

आता आपल्या उदाहरणाच्या नळीचं बघा, भिंत २०० डिग्री, बाहेर ३० डिग्री, वारा सेकंदाला ३ मीटर. काच नसलेली, साध्या मॅट काळ्या रंगाची नळी असेल तर वारा एकटा तेराशे वॉटच्या वर नेतो आणि विकिरणाने पाचशे वॉट जातात. एकूण साधारण १८५० वॉट! काच नाही म्हणून नळीने शोषलेत २१०० च्या आसपास, म्हणजे हाती राहिले दोन-अडीचशे. याच नळीवर काच घातली की नुकसान ५४० वर येतं. काच अधिक सिलेक्टिव्ह कोटिंग केलं की २२० च्या आसपास. हे सगळे अंदाज आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण असंच राहणार.

आणि हीच नळी ८० डिग्रीच्या पाण्यासाठी वापरली तर? काच नसताना नुकसान ५४० च्या आसपास, साधा काळा रंग आणि काच असेल तर सव्वाशेच्या घरात, कोटिंगने त्यातले अजून पन्नास-साठ वाचतील. म्हणजे वाइनरीच्या गरम पाण्यासाठी काच नक्की घ्या पण कोटिंगवर लगेच पैसे घालू नका, त्याच पैशात आरसा चांगला करा. तेल दोनशेच्या वर न्यायचंय तर मात्र कोटिंगशिवाय पर्याय नाही कारण विकिरण केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, ते कोणाचं ऐकत नाही.

तिसरी पायरी: उजेड नळीवर बसतोय का

आरशाचा उतार कुठे एक डिग्री चुकला तर किरण दोन डिग्री वळतो. कडेपासून आपली नळी ६० सेंटिमीटर लांब आहे, तिथे दोन डिग्री म्हणजे २१ मिमी, आणि नळीचा अर्धा व्यास १२.७ मिमी! म्हणजे तो किरण गेला बाजूने. अर्धी डिग्री चूक असेल तर साडेदहा मिमी, जेमतेम बसतो. म्हणून रिब (आरशाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्या) प्लायवूडच्या हाताने कापण्यापेक्षा लेझर कटिंग करून घ्या, अंबड-सातपूरला हे काम सहज होतं.

तपासायचं असं की रात्री लेझर पेन एका सरळ पट्टीवर सरकवत आरशाच्या अक्षाला समांतर किरण सोडा आणि नळीच्या जागी पांढरा कागद गुंडाळून ठिपका कुठे पडतो ते रिबच्या जागी आणि दोन रिबच्या मधे खुणा करत जा. बहुतेक वेळा दोन रिबच्या मधला पत्रा फुगलेला सापडतो. दिवसा करायचं तर नळीमागे पांढरं कार्डबोर्ड धरा, बाजूने निसटलेला उजेड पट्ट्यासारखा दिसतो, पण वेल्डिंगचा गडद चष्मा घालूनच.

अजून एक गोष्ट, अक्ष उत्तर-दक्षिण ठेवून पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरणारा ट्रफ असेल तर डिसेंबरात भर दुपारी किरण ४३ डिग्री तिरके येतात कारण आपण २० अक्षांशावर आणि सूर्य तेव्हा साडेतेवीस दक्षिणेला. उजेडाचा पट्टा नळीवर उत्तरेकडे सरकतो, आपल्या ट्रफमधे ३५ ते ४० सेंटिमीटर. दक्षिण टोकाचा तेवढा भाग अंधारात आणि उत्तर टोकाचा उजेड नळी संपल्यावर हवेत. तीन मीटरमधले चाळीस सेंटिमीटर म्हणजे तेरा टक्के, हो! नळी आणि काच उत्तरेला तेवढी लांब घ्या, किंवा हिवाळ्यासाठी नळीचा सेट उत्तरेकडे सरकवता येईल असे ब्रॅकेट करा. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही.

धूळ पुसणं हे पण हीट ट्रान्सफरचंच काम आहे. कांद्याच्या खळ्याजवळ किंवा द्राक्षबागेशेजारी असाल तर फवारणीचा थर आरशावर आणि काचेवर दोन्हीकडे बसतो. सकाळी लवकर, आरसा थंड असताना, मऊ कापड आणि फिल्टरचं पाणी. बोअरच्या पाण्याने धुतलंत तर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात ते धुळीपेक्षा चिवट.

चौथी पायरी: काच, कोटिंग, टोकं

नळी आणि काच यांच्यातली फट ८ ते १२ मिमी ठेवा. त्यापेक्षा कमी केली तर हवेच्या पातळ थरातून उष्णता सरळ वाहून जाते, जास्त केली तर हवा आत गोल फिरायला लागते आणि काचही महाग पडते. नळी काचेच्या बरोबर मधोमध हवी, झुकून टेकली की तिथे काच तडकणार.

स्टील तापलं की वाढतं. तीन मीटर एमएस (साध्या स्टीलची) नळी १७० डिग्रीने तापली तर ६ मिमी वाढते, स्टेनलेस असेल तर साडेआठ-नऊ मिमी, काच मात्र मिलिमीटरभरही वाढत नाही. म्हणून एक टोक फिक्स आणि दुसरं सरकतं ठेवायचं. टोकाला ग्लासफायबरची दोरी गुंडाळून सैलसर पॅक करा, सिमेंट किंवा एम-सीलने दोन्ही टोकं जाम केली की काच गेलीच. पाइपचे ब्रॅकेट धातूचे असतील तर ते पण उष्णता खेचतात, मधे सिरॅमिक किंवा दोरीचा थर द्या. आणि काचेच्या बाहेरचे जोड, व्हॉल्व्ह, लवचीक होज हे सगळं रॉकवूलमधे गुंडाळा, दहा फुटाचा उघडा गरम पाइप ट्रफची निम्मी कमाई खाऊ शकतो.

कोटिंगचे पर्याय तीन. सायलेन्सरचा हाय टेंपरेचर मॅट काळा रंग, स्वस्त, ९५ टक्क्यांपर्यंत शोषतो पण तेवढ्याच जोमाने उत्सर्जनही करतो. दुसरा, निकेलवर ब्लॅक क्रोम प्लेटिंग, शोषण तेवढंच आणि उत्सर्जन दहा-पंधरा टक्क्यांवर, पण प्लेटिंग करणाऱ्याला हे शोपीससाठी नाही हे आधी नीट समजवा, चकचकीत करून देतात. तिसरा, सोलर वॉटर हीटरची तयार व्हॅक्यूम नळी, बाहेरून ५८ आणि आतून ४७ मिमीची, १.८ मीटर लांबीची. हिच्यात कोटिंग आणि व्हॅक्यूम दोन्ही तयार मिळतं. टोकाला आतून चांदीसारखा चकाकणारा डाग असतो, तो पांढरा पडला की व्हॅक्यूम गेला, अशी नळी घेऊ नका.

पण या व्हॅक्यूम नळीत तांब्याचा यू पाइप आणि ॲल्युमिनियमचा फिन (पातळ पत्रा) घालून वापरतात तिथे खरी गडबड होते. फिन काचेला सगळीकडे टेकत नाही, मधे हवा राहते, आणि फिन तांब्यालाही नीट धरत नाही. उष्णता दोनदा अडते. फिन थोडा मोठ्या व्यासाचा वळवून स्प्रिंगसारखा दाबून आत सोडा म्हणजे तो स्वतःहून काचेवर पसरेल, आणि तांब्याभोवती तारेने आवळा. हे एवढं केलं तरी फरक मोजण्याइतका येतो.

काच परवडतच नसेल तर नळीच्या वरच्या अर्ध्या भागावर रॉकवूल आणि वर पत्र्याची टोपी ठेवा. आरशाचा उजेड खालच्या अर्ध्यावरच येतो, वरचा भाग नुसता वाऱ्याला उष्णता वाटत बसलेला असतो.

पाचवी पायरी: आता आत बघा

इथे सगळ्यात जास्त लिहितोय कारण गोंधळ इथेच आहे. आत काय वाहतंय त्यावर सगळं अवलंबून.

पाणी असेल तर मिनिटाला ३ लिटरने, ८० डिग्रीला, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ की खळाळता ते सांगणारा आकडा) साडेआठ हजारच्या वर जातो, प्रवाह चांगला खळाळता आहे. नसेल्ट नंबरचं ०.०२३ वालं नेहमीचं सूत्र लावलं तर आतला हीट ट्रान्सफर कोइफिशंट (दर चौरस मीटरला, दर डिग्री फरकामागे किती वॉट जातात तो आकडा) १४०० वॉटच्या आसपास येतो आणि भिंत पाण्यापेक्षा फक्त सहा डिग्रीने गरम राहते. तुम्ही ट्विस्टेड टेप टाकून हा कोइफिशंट दुप्पट केला तरी भिंत तीन डिग्रीने थंड होणार, आणि काच आणि सिलेक्टिव्ह कोटिंग असलेल्या रिसीव्हरमधे तीन डिग्रीने वाचतात साधारण चार वॉट. अठराशेपैकी चार! पंपालाही थोडं जास्त जड जाईल. म्हणून पाण्याच्या ट्रफमधे टेप, फिन, नॅनोपार्टिकल काहीही घालू नका, असं मी स्पष्ट सांगतो. पाण्यात वाफ होत असेल तर अजूनच, उकळणारं पाणी भिंतीवरून उष्णता इतकी जोरात उचलतं की आतली बाजू अडचणच राहत नाही. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ मधे १६-१६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर डिश (वाटीसारखे वळलेले आरसे) वाफ करायला बसवल्या, तशा सिस्टीममधे लक्ष द्यायचं ते फोकस, आरसा आणि क्षारांकडे.

हो, क्षार. बोअरचं पाणी थेट फिरवलं तर आत चुन्याचा थर बसतो, त्याची उष्णता वाहून न्यायची ताकद स्टीलच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. एक मिमी थर म्हणजे आपल्या ट्रफमधे भिंत आठ-दहा डिग्रीने जास्त गरम, म्हणजे पाण्याची अडचण दुपटीहून जास्त वाढली. सॉफ्टनर लावा किंवा बंद सर्किटमधे तेच पाणी फिरवून हीट एक्स्चेंजरने पुढे द्या.

तेल म्हणजे वेगळी दुनिया. समजा थर्मिक फ्लुइड १५० डिग्रीला आहे आणि मिनिटाला चार लिटर जातंय. रेनॉल्ड्स १३०० च्या आसपास, म्हणजे थर एकमेकांवरून नुसते सरकतायत, मिसळत नाहीत. कोइफिशंट साठ-सत्तर. हिशोब केला की भिंत तेलापेक्षा शंभर-सव्वाशे डिग्रीने जास्त गरम! आता दोन गोष्टी होतात, एक तर एवढ्या गरम भिंतीचं बाहेरचं नुकसान वाढतं आणि दुसरं, भिंतीला चिकटलेलं तेल जळून कार्बनचा थर धरतं. तेलाच्या माहितीपत्रकात बल्क (मधल्या तेलाचं) आणि फिल्म (भिंतीला लागलेल्या थराचं) अशी दोन वेगळी तापमानं दिलेली असतात ती याचसाठी, आणि तुमचा गेज फक्त बल्क दाखवत असतो.

मग काय करायचं, स्वस्तापासून सुरू करू.

एक, जोडणी बदला. चार ट्रफ पॅरलल असतील आणि पंप एकूण १६ लिटर देत असेल तर प्रत्येकात चार लिटर. तेच सिरीजमधे लावा, प्रत्येकात सोळा लिटर, रेनॉल्ड्स ५४०० च्या पुढे, भिंत आणि तेल यातला फरक सव्वाशेवरून वीस-पंचवीसवर येतो. प्रेशर ड्रॉप वाढतो पण बारा मीटर नळीत तो पाच किलोपास्कलच्या आसपास, एल्बो-व्हॉल्व्हचे वेगळे, पंपाला हे जड नाही. खर्च फक्त पाइपिंगचा. प्रवाह नुसता दुप्पट करून तो लॅमिनारच (थर न मिसळता सरकणारा) राहिला तर कोइफिशंट फक्त पाव पटीने वाढतो, म्हणून अर्धवट वाढवू नका, चार हजार ओलांडेल असं बघा. आणि हिशोब सकाळच्या थंड तेलाचा पण करा, ५०-६० डिग्रीला तेल कितीतरी घट्ट असतं, तेव्हा रेनॉल्ड्स फार खाली असतो. तेल तापेपर्यंत ट्रफ पूर्ण फोकसवर आणायची घाई करू नका.

दोन, वायर कॉइल. दीड-दोन मिमी स्टेनलेस तार एका रॉडवर स्प्रिंगसारखी गुंडाळा, पिच (दोन वेढ्यांमधलं अंतर) नळीच्या व्यासाएवढा किंवा दीडपट, बाहेरचा व्यास नळीपेक्षा किंचित जास्त ठेवा म्हणजे ती दाबून आत गेल्यावर भिंतीला घट्ट बसते. ही तार भिंतीजवळचा संथ थर मोडते आणि प्रवाह एरवीच्या २३०० च्या बरंच आधी खळाळायला लागतो. तेलासाठी माझी पहिली पसंती हीच.

तीन, ट्विस्टेड टेप. १९-२० मिमी रुंद, पाऊण मिमी जाड स्टेनलेसची पट्टी, एक टोक व्हाइसमधे, दुसरं लेथच्या चकमधे धरून हाताने हळू पिरगळा, पट्टी ताणलेली राहिली पाहिजे नाहीतर लाटा येतात. अर्धा पीळ नळीच्या व्यासाच्या तीन ते पाच पट अंतरात. लॅमिनार तेलात टेपचा फायदा मोठा, खळाळत्या प्रवाहात कमी आणि प्रेशर ड्रॉप मात्र भरपूर. आत टाकताना एका टोकाला छोटा टॅक वेल्ड करा नाहीतर प्रवाहाबरोबर सरकून एल्बोत गोळा होते.

चार, मधोमध बंद टोकाची १३ मिमीची नळी ठेवून तेलाला बाजूच्या चार मिमीच्या फटीतूनच जायला लावायचं. प्रवाह लॅमिनार राहिला तरी फट कमी झाल्याने कोइफिशंट दीड-दोन पट होतो. मधली नळी दोन्हीकडून पक्की वेल्ड करा, आत ओलावा राहिला तर तापल्यावर फुटेल, त्यापेक्षा सरळ भरीव रॉड वापरा.

नॅनोफ्लुइडबद्दल, लॅबमधे त्यावर भरपूर काम झालंय हे खरं, पण कण खाली बसतात, गठ्ठे होतात, पंपाचे सील घासतात आणि घट्टपणा वाढतो तो वेगळाच. बंद पडलेल्या शनिवार-रविवारनंतर सोमवारी तळाला बसलेला गाळ परत कसा मिसळणार याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर प्रत्यक्ष युनिटमधे भरू नका.

हवा गरम करत असाल, म्हणजे सुकवण्यासाठी, तर आतली बाजूच सर्वस्व आहे. हवेचा कोइफिशंट साध्या नळीत वीस-तीस-पन्नास एवढाच असतो, तिथे फिन, जाळी, स्टील वूल सगळं घाला, पृष्ठभाग जितका वाढेल तितका. ब्लोअरचं बिल तेवढं बघत जा.

थोडक्यात तपासायचा नियम असा, की वरच्या थर्मोकपलचं वाचन वजा तेलाचं तापमान दहाच्या आत असेल तर आत हात लावू नका, चाळीसच्या वर असेल तर आधी आतलंच करा, मधे असेल तर दुसऱ्या पायरीचं नुकसान किती ते बघून ठरवा.

मोठ्या प्लांटमधे वेगळं काय

मोठ्या ट्रफ प्लांटमधली नेहमीची रिसीव्हर नळी म्हणजे ७० मिमी स्टील, बाहेर १२५ मिमी काच, लांबी चार मीटर आणि मधे व्हॅक्यूम. ४०० डिग्रीला तिचं नुकसान मीटरमागे २५० वॉटच्या आसपास असतं. तिथलं सिंथेटिक तेल वर्षानुवर्षं तापून थोडा हायड्रोजन सोडतं, तो स्टीलमधून झिरपून व्हॅक्यूममधे जातो आणि काच गरम व्हायला लागते, म्हणून आत गेटर (वायू शोषून घेणारा पदार्थ) ठेवतात. हेच तेल १२ डिग्रीला गोठतं. निफाडला जानेवारीत पारा याच्या बराच खाली जातो तेव्हा नाशिक जिल्ह्यात असं तेल भरायचा विचार करणाऱ्याने रात्रीच्या हीटिंगचा खर्च आधी काढावा, साधं मिनरल थर्मिक फ्लुइड इथे बरं.

टॉवर प्लांटच्या रिसीव्हरमधे (जिथे अनेक आरसे उंच टॉवरच्या माथ्यावर ऊन टाकतात) ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेटचं वितळलेलं मीठ २९० ला आत येतं आणि ५६५ ला बाहेर पडतं, स्पेनच्या जेमासोलरमधे २०११ पासून हे चालू आहे. तिथे नळीवर जास्तीत जास्त १ मेगावॉट प्रति चौरस मीटरच्या घरात उजेड असतो, आपल्या सरासरीच्या सव्वाशे पट. अशा ठिकाणी आतला कोइफिशंट १०,००० असला तरी भिंत मिठापेक्षा १०० डिग्रीने गरम! म्हणून तिथे पातळ भिंतीच्या बारीक नळ्या आणि वेगवान प्रवाह ठेवतात, आणि आतून खाचा पाडण्यावर खर्च करणं तिथे परवडतं. उजेड किती दाट आहे गुणिले अडथळा किती, एवढ्या एकाच गुणाकाराने सगळं ठरतं.

लाईट गेली तर

पंप बंद पडला आणि ट्रफ उन्हात फोकसवर राहिला तर काही मिनिटांत कोटिंग जळतं, तेल शिजतं, पाणी असेल तर वाफेचं प्रेशर चढतं. त्यामुळे ट्रफ असा बॅलन्स करा की मोटरचा क्लच सुटला की स्वतःच्या वजनाने तो फोकसमधून बाहेर पडेल. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ट्रफ यांच्यामधे बंद करता येणारा दुसरा कुठलाही व्हॉल्व्ह नको. तेलाच्या सिस्टीममधे एक्सपान्शन टँक सगळ्यात वर हवा आणि भरताना पाण्याचा थेंबही राहता कामा नये, म्हणून पहिल्यांदा तापवताना १०० ते १२० डिग्रीवर बराच वेळ थांबून टँकमधून वाफ पूर्ण निघू द्या, मगच पुढे चढवा.

बदल करताना

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पहिली टेस्ट आणि आरसा झाकलेली टेस्ट दोन्ही पुन्हा घ्या, त्याच वेळेला, शक्यतो तशाच वाऱ्यात. काच आणि टेप एकाच दिवशी टाकलंत तर फायदा कोणाचा ते कधीच कळणार नाही. रिपोर्टमधे पंपाने खाल्लेले वॉट वजा करून दाखवा, कारण खळाळत्या प्रवाहात फ्लो दुप्पट केला की पंपाची पॉवर सात-आठ पट होते.

नाशिकला टेस्टिंगचा खरा सीझन नोव्हेंबर ते मे. जूनपासून थेट ऊन ढगांत जातं, इगतपुरी-त्र्यंबककडे तर विचारूच नका, सिन्नर-येवल्याकडे थोडं बरं. तेव्हा मे संपायच्या आत शेवटची आरसा झाकलेली टेस्ट घेऊन आकडे लिहून ठेवा, काचेची टोकं पाणी शिरणार नाही अशी झाका, तेल गाळून काळपटपणा आणि कार्बनचे कण दिसतात का बघा, आणि ट्रफ तोंड खाली करून बांधून ठेवा. ऑक्टोबरात पहिली टेस्ट तीच घ्या, नुकसान वाढलेलं दिसलं तर आधी कोटिंग आणि टोकांचं पॅकिंग तपासा, नवीन काही जोडायचं ते त्यानंतर.